डेस्कटॉपवर राहिलेला आवाज

"घ्या ताई, एकदम नवीन करून आणली. आता पाहा कशी पळते," असं म्हणत रमेशभाऊंनी सीपीयूच्या मागच्या वायरी जोडल्या आणि बटण दाबलं.

मशीन खरंच पळाली. एरवी ती सुरू होईपर्यंत माझा अर्धा कप चहा संपायचा. त्या दिवशी पहिला घोट घ्यायच्या आत स्क्रीन उजळली. मी खूश. एडिटिंगचं सॉफ्टवेअर उघडलं, त्यात ढोबळे सरांचा प्रोजेक्ट उघडला. समोर बावीस फाइलींची यादी आली आणि प्रत्येक नावापुढे लाल अक्षरांत एकच शब्द: ऑफलाइन.

"अगं माय वं," माझ्या तोंडून निघालं. "रमेशभाऊ, हे बावीस कुठं गेले?"

"कोण बावीस?" ते म्हणाले आणि माझ्या चहाकडे बघत बसले.

मी व्हिडिओ एडिटर आहे. नागपूरच्या नंदनवन भागात आमच्याच घराच्या वरच्या खोलीत माझं काम चालतं. लग्नाच्या कॅसेटी जोडण्यापासून सुरुवात केली, त्याला पंचवीस वर्षं झाली. लग्न, बारसं, शाळेचं गॅदरिंग, कधी एखाद्या संस्थेची फिल्म. नातेवाइकांना अजूनही वाटतं की मी फोटोंवर गाणी चिकटवते. वाटू दे.

ऑफलाइन म्हणजे काय ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. एडिटिंगमध्ये दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक मीडिया, म्हणजे खरं चित्रण आणि खरा आवाज. हा प्रकार अवाढव्य असतो. दुसरी प्रोजेक्ट फाइल, ती इवलीशी. तिच्यात फक्त लिहिलेलं असतं की अमुक फाइल अमुक जागी ठेवली आहे, तिचा इथून इथपर्यंतचा तुकडा घे, त्याच्यापुढे तमुक जोड. थोडक्यात ती किराण्याची यादी. यादी कितीही जपून ठेवली तरी डब्यात डाळ येत नाही. ऑफलाइन म्हणजे सॉफ्टवेअर यादी घेऊन डब्यापाशी गेलं आणि डबाच जागेवर नव्हता.

आणि हे बावीस डबे आवाजाचे होते. एका माणसाच्या आवाजाचे.

ढोबळे सर कुहीच्या शाळेत गणित शिकवायचे. धानाच्या बांधीवरून, म्हणजे भाताच्या चौकोनी खाचरावरून, भूमिती शिकवणारा माणूस. बांधीत तिरपा बांध घातला की दोन त्रिकोण होतात, एवढं सांगून क्षेत्रफळाचं सूत्र ते पोरांकडूनच काढून घ्यायचे. रिटायर झाल्यावर काही वर्षांनी घशाचा कॅन्सर निघाला. स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यांची मुलगी शुभांगी माझ्याकडे आली तेव्हा ऑपरेशनला तीन आठवडे होते.

"ताई, बाबांचा आवाज जाणार आहे," ती म्हणाली होती. "त्याच्या आधी त्यायचं शिकवणं धरून ठेवता येते काय?"

मार्चच्या दुपारी, रिकाम्या वर्गात आम्ही शूटिंग केलं. सगळा फळा दिसावा म्हणून कॅमेरा मागच्या बाकापाशी. डोक्यावर पंखा फुल स्पीडवर, खिडकीबाहेर हँडपंप. सरांचा आवाज तोवर बसला होता, पहिल्या बाकावरही नीट पोचत नव्हता. म्हणून त्यांच्या कॉलरला बारका माइक लावला आणि खिशात रेकॉर्डर ठेवला. चित्र कॅमेऱ्यात, आवाज रेकॉर्डरमध्ये, नंतर दोन्ही जुळवायचं. ही नेहमीचीच पद्धत आहे. असे बावीस पाठ झाले. मग ऑपरेशन झालं. ते चांगलं झालं, सर घरी आले. तेव्हापासून त्यांच्या खिशात पॅड आणि पेन असतं.

पडद्यावर खाली सरांचे शब्द लिहून यावेत, अशी शुभांगीची इच्छा होती. त्यासाठी आवाज ऐकून टाइप करायला मी हुडकेश्वरच्या मेश्राम बाईंकडे पेन ड्राइव्ह पाठवला होता. बाई कोर्टात स्टेनोग्राफर होत्या, आता सत्तरीत आहेत, पण बोटं अजून तशीच चालतात. त्यांनी टाइप केलेल्या प्रत्येक पाठाच्या शेवटी एक ओळ असायची: वाचून पाहिले, बरोबर आहे. पुढे सहीची रिकामी जागा. तिथे सरांची सही आण म्हणून त्यांचे मला तीन फोन येऊन गेले होते. "बाई, हे कोर्ट नाही," मी हसून टाळलं होतं.

रविवारी कुहीच्या शाळेत सगळ्यांना हे पाठ दाखवायचे होते. सर स्वतः येणार होते. आणि त्या दिवशी मंगळवार होता.

आता माझ्या शहाणपणाचं ऐका. बॅकअप म्हटलं की नागपुरातले निम्मे लग्नवाले व्हिडिओग्राफर मला फोन करतात. मी त्यांना लेक्चर देते. एक कॉपी मशीनवर, एक वेगळ्या ड्राइव्हवर, एक घराबाहेर. सरांच्या प्रोजेक्टच्या तीन कॉप्या होत्या. एक मशीनच्या डी ड्राइव्हवर, एक कपाटातल्या काळ्या ड्राइव्हवर, एक बहिणीकडे तिच्या साड्यांखाली. मी काळा ड्राइव्ह लावून पाहिला. ऑफलाइन. गाडी काढली, बहिणीकडून तिसरी कॉपी आणली, तीही ऑफलाइन. चित्रं सगळी होती. बावीसच्या बावीस पाठांत सर फळ्यावर लिहीत होते, वळत होते, हात हलवत होते. मुके.

मग मला आठवलं, आणि आठवल्यावर स्वतःच्याच दोन थोबाडीत माराव्यात असं वाटलं.

रेकॉर्डरचं कार्ड मी डेस्कटॉपवर उतरवलं होतं. दोन मिनिटांसाठी. आत्ता इथं ठेवते, नंतर हलवते. तिथूनच फाइली ओढून प्रोजेक्टमध्ये टाकल्या. सॉफ्टवेअरला काय, त्याने पत्ता लिहून घेतला: डेस्कटॉप. ते 'नंतर' काही उगवलं नाही.

डेस्कटॉप दिसतो समोर, पण असतो सी ड्राइव्हमध्ये. आणि आपल्याकडे कॉम्प्युटर हँग व्हायला लागला की लहान-थोर सगळे एकच सांगतात, सी फॉरमॅट करा, म्हणजे पुसून कोरा करा, डी ला हात लावू नका.

मी रमेशभाऊंना परत बोलावलं. आवाज चढलाच माझा.

"ताई, तुमीच तं म्हणल्या," ते म्हणाले. "सी फॉरमॅट मारा, डी ले हात नका लावू. म्या डी ले हात लावला काय?"

"नाही लावला."

"मंग?"

चूक त्यांची नव्हतीच. मी तीन ठिकाणी जपलं ते डी वरचं फोल्डर. आवाज त्यात कधी नव्हताच, तर तीन काय नि तेरा काय.

तुम्ही म्हणाल, बाई, बॅकअप एकदाही उघडून पाहिला नाही? पाहिला होता ना! काळा ड्राइव्ह लावून, त्यातला प्रोजेक्ट उघडून, दोन पाठ वाजवूनसुद्धा पाहिले होते. पण त्याच मशीनवर. सॉफ्टवेअरने चित्र ड्राइव्हमधून घेतलं आणि आवाज गुपचूप डेस्कटॉपवरून. मला काय ठाऊक! मी मान डोलावून ड्राइव्ह कपाटात ठेवला.

रमेशभाऊ चांगला माणूस. पुसलेलं परत काढायचं सॉफ्टवेअर घेऊन ते दुपारभर बसले. पण सी ड्राइव्ह एसएसडी होता. त्यातून एकदा पुसलं की सहसा परत येत नाही, वर नवीन विंडोजही भरलेलं. चार वाजता त्यांनी चष्मा काढला.

"खोटं नाही सांगत ताई. काहीच नाही येऊन राहिलं."

रेकॉर्डरचं कार्ड? ते मीच एका बारशाला जाताना साफ केलं होतं. कॉम्प्युटरवर आहे ना, मग काय भीती. राहिला कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माइकवरचा आवाज. हेडफोन लावून ऐकला. पंखा, पंखा, हँडपंप, पंखा. मधून सर काहीतरी बोलत आहेत एवढं कळतं. काय बोलत आहेत ते त्या पंख्यालाच माहीत.

मी रडले. सांगायला लाज नाही. काम गेल्याचं दुःख वेगळं असतं, पुन्हा करता येतं. लग्नातला फेरा चुकला तर एक वेळ पाहुण्यांना परत उभं करता येतं. सरांना काय सांगणार होते मी? पुन्हा बोला?

बुधवारी सकाळी शुभांगी आली. तयार झालेले पाठ पाहायचे होते तिला, ऑफिसला अर्धी रजा टाकून आली होती. गोल गोल बोलायचा विचार मनात आला होता, पण तिने पर्स ठेवायच्या आत मी सगळं सांगून टाकलं. डेस्कटॉप, फॉरमॅट, कार्ड, सगळं. चूक माझी आहे, हेही.

तिने पर्स टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "घरी त्यायचा एकही व्हिडिओ नाही ताई. फोनवर बोलून राहिलो तेव्हा कोण रेकॉर्ड करते? रोजचाच तं आवाज."

"टाइप केलेले कागद तरी आहेत," मी म्हणाले. म्हणतानाच कळत होतं की हे किती पोकळ आहे.

"ते बाईंनी केले ना? त्यायनं कशावरून ऐकलं?"

"पेन ड्राइव्हवरून. तो परत आला माझ्याकडे. त्यात आता कुणाची तरी हळद आहे."

"पण त्यायनं पेन ड्राइव्ह लावूनच ऐकलं, का आपल्या मशीनवर घेऊन ऐकलं?"

पंचवीस वर्षं या धंद्यात आहे मी. हा प्रश्न मला पडला नव्हता. मी बाईंना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. नऊ वेळा लावला.

"चला," शुभांगी म्हणाली. मी तिच्या गाडीवर मागे बसले आणि तोंडाला ओढणी गुंडाळून आम्ही जूनच्या उन्हात हुडकेश्वरला निघालो.

मेश्राम बाईंनी दार उघडलं. "काहून वं सुनंदा, एवढ्या उन्हाची? फोन करायचा ना."

"केला ना बाई. नऊ वेळा!"

"टायपिंग चालू असली का मी फोन नाही उचलत. बसा. पाणी घ्या आधी."

"बाई, ढोबळे सरांचा आवाज आहे का तुमच्याकडे?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग शुभांगीकडे. मग अगदी कोर्टातल्यासारखं विचारलं, "सही झाली काय?"

"नाही झाली."

"मंग आवाज कुठं जाईन?"

मी खुर्ची ओढून बसले. शुभांगी उभीच राहिली. बाई मात्र शांतपणे ग्लास पुसत होत्या.

"कोर्टात साक्षीदाराचं बयान मी शॉर्टहँडमध्ये घ्यायची," त्या शुभांगीला सांगू लागल्या. "मंग टाइप करायची. तो वाचायचा, सही करायचा. सही झाल्याबिगर माह्यी वही कधी फाटली नाही. उद्या तो म्हणला मी असं बोललोच नाही, तं जजसाहेबाले दाखवाचं काय? तुह्या बाबांचंही तसंच. जोवर ते म्हणत नाही का हे बरोबर आहे, तोवर मी पुसत नाही."

कॉम्प्युटरवर भरतकाम केलेलं कापड होतं. ते त्यांनी घडी करून बाजूला ठेवलं. ड्रॉवरमधून शंभर पानी वही काढली. त्यात प्रत्येक पाठाला नंबर, आला तो दिवस, किती मिनिटांचा, टाइप कधी झाला, आणि शेवटचा रकाना सहीचा. तो वरपासून खालपर्यंत कोरा. बाईंनी पहिली फाइल उघडली.

"बसा. वह्या काढा."

प्रत्येक पाठाची सुरुवात सर अशीच करायचे. आवाज बसलेला, घोगरा, पण एकेक अक्षर वेगळं. शुभांगी पटकन खाली बसली, खरोखर जमिनीवर बसली, आणि ओढणीत तोंड घालून रडायला लागली. मग हसायला लागली. मलाही काही सुधरेना. मी उठून बाईंच्या पाया पडले.

"राहू दे, राहू दे," बाई म्हणाल्या आणि लगेच रागवायलाही लागल्या. "तीन फोन केले तुले. सही आण, सही आण. माह्या मशीनवर जागा नाही. आणली असती तं मी मागच्याच महिन्यात सगळं पुसून मोकळी झाली असती."

ज्या आळसाने मी फाइली हलवल्या नाहीत, त्याच आळसाने मी सह्या आणल्या नव्हत्या. एका आळसाने घालवलं, दुसऱ्याने वाचवलं. यात माझी अक्कल कुठेच नव्हती.

फाइली मूळच्याच होत्या, जशा रेकॉर्डरमधून निघाल्या तशा. मोजल्या. एकवीस. बाविसावा पाठ मी बाईंना दिलाच नव्हता. तो ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यातला, घाईत राहून गेला असावा. एकवीस मी ड्राइव्हवर घेतले, शुभांगीच्या पेन ड्राइव्हवर पुन्हा घेतले, आणि तिथेच बसून दोन्हीकडून वाजवून पाहिले. निघताना बाईंनी वही पुढे केली. नक्कल मिळाली, असं लिहून माझी सही घेतली. या वेळी मी हसले नाही.

घरी येऊन फाइली आधी प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ठेवल्या. मग सॉफ्टवेअरला नवा पत्ता दाखवला. याला आम्ही रीलिंक म्हणतो. एका फाइलीचा पत्ता दिला की आजूबाजूच्या बाकीच्या ते आपणहून शोधतं. लाल अक्षरं एकेक करत गेली. वीस सेकंदसुद्धा लागले नाहीत. शेवटची एक तेवढी लाल राहिली.

बाविसाव्याचं काय करायचं, हे सरांना सांगावंच लागणार होतं. शुभांगीने सगळंच सांगितलं. सरांनी पॅडवर लिहिलं: पोरानं वही हरवली की मी काय म्हणायचो?

"पुन्हा लिही म्हणायचे," शुभांगी म्हणाली.

गुरुवारी तिने चार पानं आणून दिली. सरांनी बाविसावा पाठ आठवून शब्दशः लिहून काढला होता. मी ती पानं समोर ठेवून कॅमेऱ्याचा आवाज पुन्हा ऐकला. वाक्य आधीच ठाऊक असल्यावर पंख्यामागचे शब्द सापडायला लागले. जिथे सापडले तिथे जुळत होते. चाळीस वर्षं एकच पाठ शिकवलेला माणूस, त्याला कशाला रेकॉर्डर लागतो! पंख्याचा आवाज शक्य तेवढा कापला, खाली सरांचे शब्द टाकले. तो पाठ खरखरीतच राहिला, पण समजतो.

रविवारी कुहीच्या शाळेत दोन वर्ग भरले. पुढे पोरं, मागे त्यांचे आईबाप, त्यातले निम्मे सरांच्याच हातचा मार खाल्लेले. पडद्यावरून "बसा, वह्या काढा" आलं आणि मागच्या बाकावरचा एक चांगला मिशीवाला माणूस चटकन सरळ बसला. सर पहिल्या रांगेत होते. हात मांडीवर, नजर फळ्यावर. स्वतःचं अक्षर नीट येत आहे का, तेवढंच ते बहुतेक पाहत होते. मी मात्र बाविसावा संपेपर्यंत लॅपटॉपशेजारून हलले नाही.

कार्यक्रम झाल्यावर मेश्राम बाई पुढे आल्या. मीच त्यांना आग्रहाने नेलं होतं. त्यांनी पिशवीतून टाइप केलेल्या पानांचा गठ्ठा काढला आणि सरांपुढे ठेवला.

"सर, वाचून घ्या आणि सही द्या. प्रत्येक पाठाखाली एक."

सरांनी चष्मा लावला. वाचू लागले. घाई नाही, पानामागून पान. दोन ठिकाणी स्वल्पविराम घातला. मग पेन सहीच्या जागेवर टेकवलं आणि थांबले. शुभांगीकडे पाहून भुवया उंचावल्या, म्हणजे ही सही कशाला?

"बाबा, सही झाली का बाई त्यायच्या कॉम्प्युटरवरचा तुमचा आवाज पुसतात," तिने सांगितलं. "तो त्यायचा कायदा आहे. सही नव्हती म्हणून तं वाचला."

सरांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली. हो, तसंच आहे.

सरांनी पेनला टोपण लावलं. गठ्ठा नीट जुळवून बाईंच्या हातात परत दिला. मग पॅड काढून एक ओळ लिहिली आणि आम्हा तिघींपुढे धरली.

मग मी सही करत नाही.

बाई कोर्टात आयुष्य काढलेल्या. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. "ठीक आहे," म्हणाल्या. "मंग मले आता नवीन ड्राइव्ह घ्यावा लागते."

डेस्कटॉपवर मी आता काहीही ठेवत नाही, तिथे फक्त कचऱ्याची टोपली आहे. बॅकअप तपासायचा तर ड्राइव्ह बहिणीकडे नेते आणि तिच्या लॅपटॉपला लावते, ज्याने माझं काम कधी पाहिलेलं नाही. तिथे वाजला तर बॅकअप, नाहीतर नुसती यादी. सरांच्या पाठांच्या आता चार कॉप्या आहेत. तीन माझ्या पद्धतीने. चौथी हुडकेश्वरला आहे, सहीसाठी थांबलेली.